गहू सुटला, माहेर सुटेना

मी एसटीत कंडक्टर आहे. पोट धड नसलेल्या माणसानं कोणती नोकरी करू नये, असं कुणी विचारलं तर मी सगळ्यात आधी हीच सांगेन. गाडी स्टँडातून सुटली की पुढचं स्टँड येईपर्यंत तुमचं पोट तुमच्या एकटीचं राहत नाही. गाडीभर माणसं त्यावर अवलंबून असतात.

हे लिहायला मला दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी सांगितलं. "तुमच्यासारख्या बायका येतात शोभाताई, घाबरलेल्या असतात. माझ्यापेक्षा तुमचं त्यांना जास्त पटेल," असं त्या म्हणाल्या. मला आजाराची शास्त्रीय माहिती सांगता येणार नाही. ती तुम्ही डॉक्टरांनाच विचारा. माझं काय झालं आणि मी कशी तगले, एवढंच मी सांगते.

*

माझं माहेर पाचोडजवळच्या वस्तीवरचं. आम्ही धनगर. दादांच्या, म्हणजे माझ्या वडलांच्या मेंढ्या होत्या. दादा गेल्यावर मेंढ्या विकल्या. आता भाऊ बबन थोडी शेती करतो, मजुरीला जातो, आणि दारात चार शेळ्या आहेत. माय त्याच्याकडंच असते.

आमच्या लहानपणी घरात गहू सणालाच दिसायचा. रोजची ज्वारीची भाकरी, थंडीत बाजरीची. पाहुणा आला तर पोळी. पाहुणा जेवून उठला की ताटाखाली झाकलेली एखादी उरलेली पोळी माय हळूच माझ्या हातात द्यायची. मी ती गुळाबरोबर खायचे, कडेकडेनं, लवकर संपू नये म्हणून. तेव्हा ठरवलं होतं, मोठी झाले की रोज पोळी खाईन.

नोकरी लागली, लग्न झालं, संभाजीनगरला मुकुंदवाडीत खोली घेतली आणि मी खरंच रोज पोळ्या करू लागले. मिस्टर वाळूजला कंपनीत. त्यांच्या डब्यात पोळी, माझ्या डब्यात पोळी, मुलीच्या, आर्याच्या शाळेच्या डब्यात पोळी. माय एकदा राहायला आली तेव्हा पोळ्यांची चवड बघून म्हणाली, "आता खरी साहेबीन झालीस." मला लई बरं वाटलं होतं.

माझी गाडी बीडची. वाटेत पाचोड लागतं. माझी ड्यूटी कळली की माय स्टँडवर येऊन उभी राहायची. गाडी दोन-चार मिनिटं थांबे. तेवढ्यात ती फडक्यात बांधलेले धपाटे माझ्या हातात द्यायची. ज्वारी, हरभरा आणि गहू यांचं एकत्र पीठ, त्यात लसूण, तीळ, तिखट. ओल्या फडक्यावर थापलेले, गरम. सोबत दह्याचा डबा. माझ्यासाठी ती त्यात गव्हाचं पीठ जरा सढळ हातानं घालायची, धपाटे मऊ राहावेत म्हणून. तिनं स्वतः आयुष्यभर हात राखून वापरलेलं जे होतं, ते ती मला भरभरून देत होती.

आमचे ड्रायव्हर रहीमभाई तिला बघितलं की लांबूनच हॉर्न द्यायचे. "माँजी खडी है देखो, आज अपनी ऐश है." त्यांचाही त्यात वाटा असायचा.

*

दुखणं कधी सुरू झालं ते नेमकं सांगता येत नाही. आधी जेवल्यावर पोट फुगायचं. मग सारखं संडासला जावं लागायचं. मग अंगात त्राण राहीना. केस विंचरले की कंगवा भरायचा. खाकी पँट कमरेवर टिकेना म्हणून मी सेफ्टी पिन लावू लागले. कुणी ॲसिडिटी म्हटलं, कुणी टेन्शन. जंताचं औषध घेतलं, काढे घेतले. मायनं देवाचा भंडारा कपाळाला लावला आणि "माझ्या लेकीच्या नोकरीला नजर लागली" म्हणून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.

ताकद यावी म्हणून मी पोळी जास्त खायचे. भूक लागली की चहा-बिस्किट. दोन्हींनी पोट आणखी बिघडायचं आणि मला वाटायचं, आपण अजून पुरेसं खात नाही.

ड्यूटीवर जायच्या आधी मी खाणंच बंद केलं. स्टँडवरच्या संडासांची मला पाठांतरासारखी माहिती झाली. कुठं पाणी असतं, कुठं कडी नसते, कुठं जाण्यापेक्षा न गेलेलं बरं. बायकांना हे जास्त सांगायची गरज नाही.

एक दिवस आडूळ सोडल्यावर कळ आली. मी दांडा घट्ट धरून उभी राहिले, पण जमेना. पुढं जाऊन म्हटलं, "रहीमभाई, गाडी बाजूला घ्या. लगेच घ्या."

त्यांनी गाडी लिंबाखाली उभी केली. मागून एक माणूस ओरडला, "आता कंडक्टरच उतरायली का? गाडी कवा पोचंल मग?"

"इंजन गरम हुआ है," रहीमभाई म्हणाले. "थंडा हुए बगैर नै जाती."

मी तुरीच्या रानाकडं धावले. तूर गुडघ्याएवढीच होती, आडोसा कशाचाच नव्हता. तेवढ्यात मागून एक म्हातारी आली. गाडीतलीच प्रवासी, आडूळलाच तिकीट काढलेली. तिनं तिची चादर दोन्ही हातांनी पसरून धरली आणि माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. "बस बाई. म्या हाय उभी. कोन बगत नाय."

मी तिथं बसून रडले. पोटातल्या कळेपेक्षा लाजेनं जास्त. वर आल्यावर म्हातारीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि जाऊन आपल्या सीटवर बसली. ती शहागडला उतरली. तिचं नावसुद्धा मी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात मी डेपोत चक्कर येऊन पडले.

*

दवाखान्यात भरती केलं. रक्त फारच कमी निघालं, म्हणून रक्त चढवलं. वॉर्डातला दिवस झाडूच्या आवाजानं सुरू व्हायचा. मग चादरी, मग सुई, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी, मग जेवणाची गाडी. पोळी, वरण, भात. पहाटे कामावरून सुटून मिस्टर थेट माझ्याकडं यायचे आणि स्टुलावर बसल्या-बसल्या डुलक्या घ्यायचे. आर्याला माझ्या जावेकडं ठेवलं होतं.

आम्ही दोघंही एक शब्द बोलत नव्हतो. तो शब्द म्हणजे कॅन्सर. माझ्या एका चुलत्याला पोटाचा झाला होता आणि तो असाच वाळत गेला होता. मिस्टर फोनवर कुणाला तरी "काही नाही, अशक्तपणा आहे" असं सांगायचे आणि मग बराच वेळ खिडकीतून पार्किंगकडं बघत बसायचे. मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग करायचे. तसं केलं की मला माय दिसायची, पाचोडच्या स्टँडवर फडकं हातात घेऊन उभी. वाटायचं, हिला कोण सांगणार?

रक्ताची एक वेगळी तपासणी झाली. घशातून दुर्बीण घालून आतड्याचा बारीक तुकडा काढला. रिपोर्ट यायला बरेच दिवस लागले. तोवर मला घरी सोडलं होतं.

रिपोर्टच्या दिवशी आमच्यासमोर एक तरुण डॉक्टरीण बसली होती. तिनं कागद वाचले आणि म्हणाली, "तुम्हाला सिलिॲक नावाचा आजार आहे. गहू तुमच्या आतड्याला चालत नाही. गहू, मैदा, रवा, सातू, सगळं बंद. थोडंसुद्धा नाही. आयुष्यभर. आतडं सुजलंय, त्यामुळं सध्या दूधही पचणार नाही. काही महिने तेही बंद."

मिस्टरांनी विचारलं, "म्हणजे कॅन्सर नाही ना?"

"नाही."

ते उठून बाहेर गेले. थोड्या वेळानं परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

मला तर हसू आलं. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "मॅडम, आमच्या सात पिढ्या भाकरीवर जगल्या. गहू सोडणं काय अवघड?"

त्या हसल्या नाहीत. "अवघड जातं," एवढंच म्हणाल्या.

घरी जाताना क्रांती चौकात मिस्टरांनी गाडी थांबवली. आनंद झाला की त्यांना जिलबी लागते. धावत जाऊन गरम जिलबीचा पुडा घेऊन आले, पुडा उघडून माझ्यापुढं धरला आणि तसेच थांबले. जिलबी मैद्याची. सगळीकडं हॉर्न वाजत होते आणि आम्ही दोघं त्या पुड्याकडं बघत उभे होतो.

"तुम्ही खा," मी म्हटलं.

"नको," ते म्हणाले आणि पुडा डिकीत टाकला. तो आर्याला मिळाला. पण तो वास घरी जाईपर्यंत माझ्यामागं येत होता, आणि पहिल्यांदा मला कळलं की "आयुष्यभर" या शब्दात काय-काय येतं.

*

त्या शब्दात पुरणपोळी होती. देवळातला शिऱ्याचा प्रसाद होता. हे तर लगेच लक्षात आलं. पण हिंगसुद्धा होता, हे कुणाला ठाऊक? बाजारातल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. माझ्या वरणाच्या फोडणीतून तो रोज माझ्या पोटात जात होता.

आणि आमच्या धंद्यात माणसं खायला फार देतात. खेड्यातल्या बायका सीटवर बसल्या की डबा सोडतात आणि "घ्या कंडक्टरीणबाई" म्हणून अर्धी पोळी पुढं करतात. नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो. एकीनं तर विचारलं, "आमच्या हातचं चालत न्हाई का?" तिला काय वाटलं ते मला समजलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून मी आधीच सांगते, "मावशी, पोटाचं ऑपरेशन झालंय." खोटं आहे. पण ऑपरेशन लोकांना लगेच पटतं.

भरल्या गाडीत कुणी डबा उघडला की पोळीभाजीचा वास येतो. मी तिकीट फाडत पुढं जाते. पण थोडी रेंगाळते, हे खरं आहे.

*

मायला फोनवर सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, "दूद बी नाय? शेळीचं बी?"

"कोणतंच नाही सध्या."

दूध-तुपाच्या घरातल्या बाईला हे ऐकणं जड होतं. मग म्हणाली, "बरं. धपाट्यात गहू घालीत नाय. नुसत्या जवारीचे करते. दह्याऐवजी शेंगदान्याची चटनी देते. जमंल?"

"जमंल माय," मी म्हटलं.

कामावर रुजू झाले तेव्हा ती स्टँडवर आली. गव्हाशिवाय धपाटे थापायला कठीण जातात, कडा तुटतात. तिनं तुटक्या कडाही जपून आणल्या होत्या. मी पाचोडपासून गेवराईपर्यंत एक-एक तुकडा मोडून खाल्ला. इतके दिवस मऊ भात आणि मुगाचं पाणी घेतलेल्या जिभेला तिखट लागलं आणि डोळ्यांत पाणी आलं. रहीमभाई आरशातून बघून म्हणाले, "मिर्ची लगी के याद आई?"

"दोन्ही," मी म्हटलं.

सुरुवातीला बरी होत आलेली मी पुन्हा बिघडले. तेच फुगणं, तेच धावणं. मी हादरले. आता तर गव्हाचा कणही खात नव्हते. म्हणजे हा आजार तो नव्हेच, दुसरंच काही आहे, आणि तो न बोललेला शब्द पुन्हा आमच्या घरात येऊन बसला.

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला आहाराच्या मॅडमकडं पाठवलं. त्यांनी सकाळपासून रात्रीपर्यंत काय खाते ते विचारलं आणि मग म्हणाल्या, "ज्वारी कुठं दळता?"

"गिरणीत."

"तिथं गहूही दळतात?"

"दळतात की," मी म्हटलं. गिरणीत आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात, त्यावर आपली ज्वारी पडते. तेवढं पीठ मिसळणारच. बाकीच्यांना त्यानं काही होत नाही. माझ्या आतड्याला तेवढं पुरतं.

घरी आम्ही घरघंटी घेतली. माझा तवा वेगळा, परात वेगळी, पोळपाटाजवळ माझं काही ठेवायचं नाही. आर्याला कुणी काही शिकवलं नव्हतं, पण ती पोळी खाऊन उठली की तोंड धुवायची आणि मगच येऊन माझी पापी घ्यायची. "आता चालतंय, आई," म्हणायची. मिस्टरांनी घरात पोळी खाणंच सोडलं. कंपनीतून जेवून यायचे आणि भूक नाही म्हणायचे. मग मी एकटीच ताटावर बसायचे. एक दिवस मी ताट सरकवून दिलं. "मला गहू चालत नाही. माणसं चालतात. बसा इथं पोळी घेऊन." ते बसले. त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

घरचं असं मार्गी लागलं. मायला सांगायचं राहिलं होतं.

*

ते मी स्टँडवर सांगायला नको होतं की कुठंही सांगितलं असतं तरी तसंच झालं असतं, मला माहीत नाही. गाडी थांबलेली, माणसं चढत होती. तिनं फडकं पुढं केलं. मी म्हटलं, "माय, आता हे पण नको आणू. गिरणीत गहू मिसळतो. त्यानंच मी पुन्हा आजारी पडले."

तिचा हात तसाच राहिला. "ह्यानं? म्या केलेल्या धपाट्यानं?"

"तुझं काही चुकलं नाही ग. पीठ..."

"म्हंजी माझ्या हातचं इख झालं म्हन की."

विषाला आमच्याकडं इख म्हणतात. मागून लोक ओरडत होते. मी बेल दिली. गाडी हलली तेव्हा ती फडकं पोटाशी धरून उभी होती, आणि माझ्याकडं न बघता रस्त्याकडं बघत होती.

नंतर ती स्टँडवर आली नाही. रहीमभाई पाचोडला गाडी जरा जास्तच वेळ थांबवायचे. "रुको थोडा, आती होंगी." मी म्हणायचे, "चला भाई, टाइम होतोय." मी चहावाल्याच्या टपरीमागं, पिंपळाखाली, बायकांच्या घोळक्यात बघायचे. मायसारखं हिरवं लुगडं दिसलं की मी दारातून वाकून बघायचे. दुसरंच कुणी असायचं.

फोन व्हायचे. पूर्वी तिचा पहिला प्रश्न असायचा, "जेवलीस का?" आता ती तो विचारेनाशी झाली. शेळी व्यायली, बबनला कापूस वेचायला मजूर मिळेना, असलं सांगायची. आम्ही दोघी जेवणाचं नाव काढत नव्हतो. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की आम्ही मायलेकी आयुष्यभर फक्त जेवणाबद्दलच बोलत आलो होतो. दुसरं काही बोलायला आम्हाला कधी लागलंच नव्हतं.

पुढं माझी ड्यूटी सोयगावच्या गाडीला लागली. मी बदलून मागू शकले असते, पण मागितली नाही. रस्ता वेगळा, घाट वेगळा, माणसं वेगळी. तब्येत सुधारत होती. पँटची पिन निघाली, केस गळायचे थांबले. डॉक्टर म्हणाल्या, आता थोडं दूध घेऊन बघा. सगळे म्हणायचे, "शोभा, किती छान झालीस." आणि मी सोयगावच्या स्टँडवर बाकावर बसून डब्यातली भाकरी-भाजी खायचे आणि मला वाटायचं, कुणीतरी फडकं घेऊन यावं. त्यात काय आहे ते बघायचंही नव्हतं मला. फक्त कुणीतरी माझ्यासाठी वाट बघत उभं असावं.

आजारी लोकांना सगळे विचारतात, काय खावंसं वाटतं? माझं उत्तर कुणाला सांगायला लाज वाटायची. मला माहेरी जाऊन जेवावंसं वाटत होतं.

*

वर्ष उलटलं. दिवाळीला मी गेले नाही, ड्यूटी आहे म्हटलं. मग पौषात एक दिवस बबनचा फोन आला. "ताई, माय आजारी बिजारी नाय. पन ती आता सैपाकालाच बसत नाय. म्हनती माझ्या हाताला दोष हाय. तूच येऊन बग बरं."

मी सुट्टीच्या दिवशी निघाले. आर्याला घेतलं, आणि मोठ्या पिशवीत सगळा संसार. माझ्या घरघंटीचं पीठ, तवा, परात, उलथनं, तेलाची बाटली, माझ्या घरचं तिखट, स्वच्छ फडकी. बीडच्या गाडीत प्रवासी म्हणून बसले. पाचोडला उतरून वस्तीवर गेले तेव्हा माय दारात शेळीला पाला टाकत होती. माझ्याकडं बघितलं, मग पिशवीकडं. तव्याचा दांडा बाहेर आला होता.

"हॉटेल टाकाया आलीस व्हय?" म्हणाली.

हसली नाही, पण बोलली. मी पिशवी ओट्यावर ठेवली. वहिनीनं चूल आणि आजूबाजूची जागा पुसून दिली आणि ती आर्याला घेऊन शेळ्यांकडं गेली. तिला कळलं असावं. माय भिंतीला टेकून लांब बसली, हात पदराखाली घेऊन.

"माय, कर ना मला भाकरी."

"नगं बाई. उगं तुला काय झालं तर."

मी परात घेतली, गरम पाणी घालून पीठ मळलं. चुलीवर भाकरी करायची माझी सवय गेली होती. गॅसवर लहान भाकरी करणारी मी. गोळा मोठा झाला, थापताना एका बाजूला जाड, कडेला चीर. उचलली तर अर्ध्यात मोडली. दुसरी तव्यावर टाकली, पाणी फिरवायला उशीर झाला. ती भेगाळली.

मायच्या अंगाची चुळबुळ दिसत होती मला. तिसरी थापताना मागून आवाज आला, "अगं, पीठ मळलंच कुठं तू? नुसतं भिजवलंस. तळव्यानं रगड."

मी रगडलं.

"आसं नाय." ती उठली. परातीपर्यंत आली आणि थबकली. तिनं आपल्या हातांकडं बघितलं. मग बाहेर गेली. रांजणावर पाणी घेतल्याचा आवाज आला. बराच वेळ ती हात धूत होती. मी दारातून बघितलं, काडीनं नखं साफ करत होती. परत आली तेव्हा लुगडंही बदललेलं होतं.

"सकाळी सुनबाईनं कनीक मळली तवा मी शेजारीच व्हते," म्हणाली. "लुगड्याला लागली आसंल, म्हून बदललं. चालंल ना आता?"

मी मान हलवली आणि बाजूला सरकले.

तिनं गोळा रगडला. परातीत पिठाची चिमूट पसरली आणि थापायला लागली. तो आवाज. किती दिवसांनी ऐकत होते मी. भाकरी गोल फिरत-फिरत मोठी होत गेली, पातळ, चंद्रासारखी. तव्यावर टाकून पाणी फिरवलं, उलटली, आणि तव्यावरच ती टम्म फुगली.

"पीठ तुजं, तवा तुजा," माय भाकरीकडं बघत म्हणाली. "पन हात माजा हाय. त्यात गहू नाय."

मी चुलीपुढंच बसून खाल्ली. माझ्या तिखटाची चटणी आणि वर थेंबभर तेल. ती समोर बसून माझा प्रत्येक घास बघत होती. संध्याकाळच्या गाडीपर्यंत तिनं कितीदा तरी विचारलं, "दुकतंय का? खरं सांग." दुखत नव्हतं. जाताना शेळीच्या दुधाचा चहा केला, कपात अगदी थोडं दूध घालून. तोही पचला.

*

सगळं ठीक झालं असं मी सांगणार नाही. गहू परत यायचा नाही. घरच्या पिठाचे, गव्हाशिवायचे धपाटे मी करून बघितले, मायनंही करून बघितले. ते चांगले होतात. ते धपाटे नसतात. पोळ्याच्या सणाला शेजारच्या घरातून पुरणाचा वास आला की मी दार लावून घेते. लग्नाच्या पंगतीत डबा काढला की अजूनही कुणीतरी बघतं. हे सगळं तुमच्याही वाट्याला येईल. आलं की स्वतःला वेडं समजू नका. घासाची आठवण येणं म्हणजे हावरेपणा नाही.

तुम्हाला मी एकच सांगेन. तुमच्या माणसांना, तुम्ही काय खाऊ शकत नाही तेवढंच सांगून थांबू नका. तुमच्यासाठी ते काय करू शकतात तेही सांगा. त्यांचे हात रिकामे ठेवू नका. ते हात रिकामे राहिले की त्यांनाही दुखतं, आणि त्याची तपासणी कुठल्या दवाखान्यात होत नाही.

आता मी महिन्यातून एकदा तरी पाचोडला जाते. माझ्या पिठाचा डबा मायनं चुलीपासून लांब, देवाच्या कोनाड्याखाली ठेवलाय. सुनेला सांगून ठेवलंय, त्याला हात लावायचा नाही. मागच्या खेपेला माझी एक भाकरी संपली, मी उठायला लागले, तर तिनं मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि दुसरी ताटात टाकली.

"एवढ्याशानं काय व्हतंय?" म्हणाली. "लई वाळलीस."

मी वाळलेली नव्हते. वजन वाढलंय माझं. तरी मी बसले आणि ती दुसरीही खाल्ली.